शेंदरी कोर नसलेली निळी

बाईंनी उभं आयुष्य निळ्या फुलपाखरांच्या पंखांची वर्णनं लिहिण्यात घालवलं आणि त्यांत ‘सुंदर’ हा शब्द एकदाही येऊ दिला नाही. संग्रहालयात नवा आलेला एखादा सहायक लिहून आणायचा, ‘पंखांवर सुंदर ठिपके’. बाई तो कागद त्याच्याकडे परत सरकवायच्या. “सुंदर म्हणजे काय रे? गोल की लांबट? कडेपाशी की मुळापाशी? वर्णन लिहितोयस की प्रेमपत्र?”

उष्ण जंगलांतली ही निळी फुलपाखरं म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा जीव. उडताना सगळी सारखीच दिसतात. कुणी अस्मानी, कुणी जांभळट, कुणी मोरचुदाच्या खड्यासारखं. त्या निळाईवर विसंबलं की माणूस फसलाच. फुलपाखरू बसलं, पंख मिटले, की मग दिसते खालची राखाडी नाहीतर बदामी बाजू, आणि तिच्यावर असतं ज्याचं त्याचं खरं नावगाव. रेघा किती, अखंड की तुटक, शेपटीपाशी काळा डोळा आहे का, त्या डोळ्याला शेंदरी कोर आहे का. बाई भिंग लावून आधी पुढचा पंख बघायच्या, मग मागचा, मुळापासून कडेपर्यंत, एखादी बाई धान्य निवडताना परातीचा एक कोपरा सोडत नाही तशा. त्यांचं वर्णन वाचून जगाच्या दुसऱ्या टोकाच्या देशातल्या माणसाने फुलपाखरू ओळखावं, असा त्यांचा लौकिक होता.

त्यांनी शोधलेल्या जातींपैकी एक त्यांच्या नवऱ्याच्या नावाची होती. तो वीजखात्यात तारा तपासायचा. किड्यामुंग्यांशी त्याचा संबंध एवढाच, की ते दिव्याच्या खांबावर येऊन मरतात. पण सुट्टी मिळाली की बाईंचं जाळं खांद्यावर टाकून निमूट त्यांच्या मागे डोंगरात हिंडायचा. एकदा उन्हाळ्यात, आटलेल्या ओढ्याच्या काठावर त्याने जाळं सोडून डोक्यावरची टोपीच एका निळीवर टाकली. घरी आल्यावर बाईंनी भिंगाखाली पाहिलं आणि त्या जेवायला उठल्याच नाहीत. तिथली नेहमीची पट्टेरी निळी त्यांच्या ओळखीची होती. तिच्या मागच्या पंखावर खालून ठळक, पांढऱ्या काठांच्या रेघा, शेपटीपाशी टपोरा काळा डोळा आणि त्यावर शेंदरी कोर. ही मात्र सगळी धुरकट. रेघा पुसट, चौथी रेघ मधोमध तुटलेली, डोळा म्हणजे नुसता बारीक ठिपका, आणि कोरेचा पत्ता नाही.

आणखी नमुने मिळाले, नवी जात म्हणून वर्णन छापून आलं. तिला आपलं नाव दिलंय हे कळल्यावर नवरा म्हणाला होता, “माझं नाव? फुलपाखराला? अगं, मला बघून लोकांना रेडा आठवतो!” पुढे काही वर्षांनी तो एका दुपारी शिडीवरून उतरला, पाणी मागितलं, आणि पाणी येण्याआधीच गेला. संग्रहालयातल्या नमुन्यांच्या खणावर त्याचं नाव तेवढं राहिलं. तिथले लोक त्या जातीला धुरकट निळी म्हणत. बाई घरात ‘ह्यांची निळी’ म्हणायच्या.

सूनबाई आधी बाईंच्या हाताखाली सहायक होती. शिकता शिकता तिची बाईंच्या मुलाशी ओळख झाली आणि पुढे लग्न झालं. संग्रहालयातले लोक म्हणायचे, बाईंनी नमुना पारखला आणि टाचणी लावून घरी नेला. बाई निवृत्त झाल्यावर त्यांचं टेबल, त्यांची खुर्ची आणि त्यांचे खण सूनबाईकडेच आले. तोवर ‘बाई’ म्हणणारी ती ‘आई’ म्हणायला लागली होती, आणि दोघींचं बरं चाललं होतं. रविवारच्या जेवणाला ते वाक्य तिने उच्चारलं, तोपर्यंत.

“आई, धुरकट निळी ही वेगळी जात नाहीये.”

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“मग काय आहे?”

“पट्टेरी निळीचंच कोरड्या दिवसांतलं रूप असावं, असं मला वाटतं.”

“तुला वाटतं.”

“आपल्याकडचे धुरकटचे सगळे नमुने कोरड्या महिन्यांतले आहेत. एकही पावसाळ्यातला नाही.”

“आणि शेंदरी कोर कुठे गेली? उन्हाने वितळली? चौथी रेघ सगळ्यांची एकाच जागी तुटते, ती कशी? आणि आमच्या ह्यांनी धुरकट पकडली त्याच दिवशी त्याच ओढ्यात मी पट्टेरी पकडली होती. एका दिवसात दोन ऋतू होते का गं तिथे?”

“ते मला सांगता येत नाही अजून.”

“अजून सांगता येत नाही, पण नाव पुसायला निघालीस.”

“मी जरा गाडीत पेट्रोल भरून येतो,” असं म्हणून मुलगा उठला. तो औषधांच्या कंपनीत फिरतीवर असायचा, आणि घरात ठिणगी पडली की त्याच्या गाडीला हटकून पेट्रोल लागायचं.

बाईंनी ताट बाजूला सारलं. “वाढवून दाखव. एकाच पट्टेरी मादीची अंडी घे. निम्मी ओलाव्यात ठेव, निम्मी कोरड्या उबेत. दोन्हीकडून पट्टेरीच निघेल, लिहून घे. पण हे सगळं इथे, माझ्या डोळ्यांदेखत.”

इथेच करावं लागणार होतं. संग्रहालयात वाळलेल्या नमुन्यांना कीड लागेल म्हणून जिवंत किडा आत न्यायची परवानगीच नव्हती.

सूनबाईने डोंगरातून पट्टेरी मादी आणली. मादीने घेवड्याच्या कळ्यांवर खसखशीपेक्षा बारीक अंडी घातली आणि घराचं घरपण गेलं. मागच्या गॅलरीत ओल्या गोणपाटाखाली ओले डबे ठेवले. कोरडे डबे पुढच्या दारामागच्या कपाटात, आत छोटा दिवा लावून. या अळ्यांच्या पाठीतून गोड थेंब येतो, त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. राखण नसली की बुरशी धरते, म्हणून प्रत्येक डब्यात थोड्या मुंग्याही सोडाव्या लागल्या. दोघी सकाळ-संध्याकाळ अळ्यांच्या खाण्याच्या शेंगा बदलायच्या आणि एकमेकींशी फक्त शेंगांबद्दल बोलायच्या.

“कोवळ्या आणल्यास ना?”

“हो.”

“ही निबर आहे.”

“बदलते.”

राखणदार काही डब्यातच राहिले नाहीत. जिन्यात मुंग्यांची रांग लागली, समोरच्या वहिनींच्या साखरेच्या डब्यापर्यंत पोचली, आणि इमारतीचे सेक्रेटरी दारात हजर झाले.

“तुमच्याकडे मुंग्या पाळतात म्हणे?”

“पाळत नाही, राखणीला ठेवल्यात,” बाई म्हणाल्या.

सेक्रेटरींना हा विनोद आहे की उद्धटपणा ते कळेना. खाली फळ्यावर सूचना लावतो, असं बजावून ते गेले. बाईंचे गुडघे दुखायचे. फळा बघायला त्या कधी खाली उतरल्या नाहीत.

अळ्यांचे कोष झाले त्याच आठवड्यात सूनबाईला दूरच्या शहरातल्या संग्रहालयातले जुने नमुने तपासायला जावं लागलं. तारीख आधीच ठरलेली, मोडता येण्यासारखी नव्हती. मुलगा फिरतीवर. बॅग दाराशी ठेवून ती बराच वेळ कपाटापुढे उभी राहिली.

“आई, तुमच्यावर सोपवून जातेय.”

“दुसरं आहे कोण घरात?” बाई म्हणाल्या. या बोलण्याचा अर्थ काय ते दोघींनाही कळलं, आणि दोघींनीही ते कळल्याचं दाखवलं नाही.

एकट्या घरात बाईंना कपाटापाशी जाणं नकोसं झालं आणि न जाणं त्याहून नकोसं. कोष तिळाच्या रेवडीएवढे, तपकिरी, गप्प. आत काय घडतंय त्याचा थांग लागत नव्हता. रविवारी जेवताना त्यांना जी खात्री होती ती आता उरली नव्हती, हेच खरं दुखणं होतं. शेंगा बदलता बदलता त्यांच्याच मनात आलं होतं, की आपण पावसाळ्यातली धुरकट शोधायला कधी गेलोच नाही. का गेलो नाही? पावसात ओढ्याला पाणी असतं म्हणून? की सापडली नसती म्हणून? हा प्रश्न त्या मनातल्या मनात झाकून ठेवायच्या आणि तो पुन्हा डोकं वर काढायचा. कोरड्या डब्यांतून काहीच बाहेर आलं नाही, तर मात्र काहीच सिद्ध होणार नव्हतं. नाव होतं तसं राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात पाठीवर टाकी आणि नाकाला फडकं बांधलेला फवारणीवाला. त्याच्यामागे सेक्रेटरी.

“आजी, जिना आणि सगळ्यांचे उंबरठे करायचेत. दार जरा उघडंच ठेवा, चौकटीच्या फटीत मारतो. मुंग्यांचं मूळ तुमच्याकडेच आहे म्हणे.”

कपाट दाराच्या पाठीलाच होतं. मध्ये हातभरही अंतर नव्हतं.

बाईंचा हात कडीवर होता. ‘थांब’ एवढा एक शब्द बोलायचा होता. तो त्यांच्या जिभेवर आला आणि तिथेच बसून राहिला. सूचना सेक्रेटरींनी लावली होती, औषध दुसराच कुणी मारणार होता, आणि गुडघेदुखीमुळे म्हाताऱ्या बाईला फळ्यापर्यंत जाताच आलं नव्हतं. त्यांच्याकडे कुणाला बोट दाखवायला जागा नव्हती. त्यांनी काही करायचं नव्हतंच. नुसतं उभं राहायचं होतं. त्या उभ्या राहिल्या.

फवारणीवाल्याने गप्प राहणं म्हणजे होकार समजून दांडा दाबला. फस्स करून पहिला फवारा चौकटीवर बसला, दुसरा उंबरठ्याच्या कोपऱ्यात. उग्र, डोळ्यांना झोंबणारा वास आत शिरला. बाईंच्या पायाशी एक मुंगी गर्रकन फिरली, उलटी झाली आणि पाय झाडायला लागली.

“थांब!” बाई एवढ्या जोरात ओरडल्या की तो माणूस दोन पायऱ्या खाली सरकला. “बंद कर ते! बंद कर म्हणते ना!”

“आजी, नियम सगळ्यांना सारखाच,” सेक्रेटरी पुढे झाले.

“मग आधी माझ्या तोंडावर मारा ते औषध, आणि मग या आत!”

त्यांनी दार धाडकन लावलं. न्हाणीघरातला टॉवेल ओला करून दाराखालच्या फटीत कोंबला. कपाट उघडलं, दिवा काढला, डबे छातीशी धरून गॅलरीकडे निघाल्या. वाटेत एक डबा निसटून पडला आणि त्याचं झाकण घरंगळत पलंगाखाली गेलं. बाहेर सेक्रेटरी दार वाजवत होते. बाईंनी सगळ्या खिडक्या उघडल्या, डब्यांमधले कागद बदलले, कोष एकेक करून कुंचल्याने उचलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुंचला दोन्ही हातांनी धरला होता.

संध्याकाळपर्यंत कोरड्या डब्यांतल्या मुंग्या मेल्या होत्या. कोष तसेच होते. पण जिवंत कोष आणि मेलेला कोष पहिले काही दिवस सारखाच दिसतो, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक असणार?

सूनबाई परत आली ती दारातच थबकली. चौकटीवर औषधाचा पांढरा ओघळ सुकला होता.

“फवारणी झाली?”

“झाली.”

“दार उघडं होतं?”

“होतं.”

“बाई, तुम्ही…”

कितीतरी वर्षांनी ती ‘बाई’ म्हणाली. मग ती बॅग घेऊन आत गेली. टॉवेलचं, डब्यांचं, सेक्रेटरींना दिलेल्या उत्तराचं सगळं बाईंना सांगता आलं असतं. पण ते सांगायचं तर त्याच्या आधीचंही सांगावं लागलं असतं, म्हणून त्या गप्प राहिल्या.

ओल्या डब्यांतून फुलपाखरं निघाली. झाडून सगळी पट्टेरी, सगळ्यांना शेंदरी कोर. त्याने काहीच ठरत नव्हतं. कोरडे कोष मात्र एकामागून एक काळे पडून आक्रसत गेले. सूनबाई काळा पडलेला कोष उचलायची, बाजूला ठेवायची आणि एक शब्द बोलायची नाही. शिव्या परवडल्या असत्या. बाई आपल्या खोलीत जेवायला लागल्या.

शेवटी दोनच कोष उरले, तेव्हा जिन्यात समोरच्या वहिनींनी सूनबाईला गाठलं. “काय तुझ्या सासूबाई! त्या दिवशी दारात आडव्या पडायच्याच बाकी होत्या. तो फवारणीवाला अजून आपल्या मजल्यावर यायला घाबरतो.”

सूनबाई तशीच पिशव्यांसकट बाईंच्या खोलीत आली. “तुम्ही त्यांना अडवलंत? मग मला सांगितलं का नाही? इतके दिवस मी काय काय मनात आणलं तुमच्याबद्दल…”

“बरोबर तेच आणलंस.”

“म्हणजे?”

“वहिनींनी पाहिलं ते अर्धंच आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “त्याच्या आधी मी उभी होते. तो काय करणार ते कळत होतं, कपाट कुठे आहे ते माहीत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. दोन फवारे झाले. त्या फवाऱ्यांनी गेले तुझे कोष.”

“किती वेळ उभ्या होतात?”

“पुरेसा.”

सूनबाई पलंगाच्या कडेवर बसली. पिशवीतली एक शेंग खाली पडली, ती कुणीच उचलली नाही.

“मला राग आलाय, आई,” ती म्हणाली. “आणि तो लगेच जायचा नाही.”

“मी कुठे म्हणते लगेच जाऊ दे. पण उरलेल्या दोन कोषांपाशी मला बसू दे. तू समोर असताना.”

दोघी बसल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पहिला कोष फाटला. निळी अर्धी बाहेर आली, पण तिचे पंख चिकटलेले, चुरगळलेल्या कागदासारखे. तिने दोनदा धडपड केली आणि ती कुशीवर पडली. सूनबाईने मान फिरवली. बाईंनी फिरवली नाही. पण तशा पंखांवर कुठली रेघ कुठे आहे हे सांगणं त्यांनाही जमणारं नव्हतं.

आता एकच उरला. त्यातून पंखांचा रंग दिसायला लागला होता, म्हणजे जीव होता. दोघींनी चहासुद्धा घेतला नाही. उन्हं कलायला लागली तेव्हा कोषाच्या टोकाला चीर पडली, दोन मिशा बाहेर आल्या, मग पाय. ती ओली, सुजलेल्या पोटाची, इवलीशी चीज काडीवर चढायला लागली, घसरली, पुन्हा चढली. सूनबाईने नकळत बाईंचं मनगट धरलं होतं. काडीच्या टोकाशी फुलपाखरू उलटं लटकलं आणि पंखांत हळूहळू ताण यायला लागला. पंख उघडले, आत जांभळट निळं चमकून गेलं. मग ते मिटले.

बाईंनी भिंग उचललं. “लिही.”

“आई, मी बघते. तुम्ही…”

“लिही म्हणते ना. मागचा पंख, खालची बाजू. रंग बदामी, त्यावर धूर बसल्यासारखी करडी छटा. मुळापाशी ठिपके नाहीत. पहिली रेघ पुसट, काठ अस्पष्ट. दुसरी, तिसरी तशीच. चौथी रेघ…” बाईंनी भिंग आणखी जवळ नेलं. “चौथी मधोमध तुटलेली. शेपटीपाशी डोळा, पण ठिपक्याएवढाच. त्यावर शेंदरी कोर…”

सूनबाईचं पेन कागदावर टेकून राहिलं होतं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “कोर नाही. असं लिही.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. पट्टेरी आईच्या पोटी धुरकट लेक आली होती. त्यात आता वाद घालायला जागा नव्हती. बाई खिडकीकडे बघत होत्या. मग, स्वतःशीच बोलल्यासारख्या, म्हणाल्या, “ह्यांनी टोपी टाकली ना, ती वरच्या तापलेल्या उतारावर. तिथल्या शेंगा वाळून खडखडत होत्या. मी पट्टेरी पकडली ती खाली, डबकं राहिलं होतं त्या सावलीत. एका दिवसात दोन ऋतू होतेच तिथे. मी दोन्हींच्या मध्ये उभी होते आणि मला दिसलं नाही.”

सूनबाईने तेही लिहून घेतलं. बाईंनी हरकत घेतली नाही.

एका फुलपाखरावर कुणी विश्वास ठेवत नाही. पुढच्या मोसमात संग्रहालयाच्या माळ्याने बाहेर बागेतली आपली खोली दिली, दोघींनी पुन्हा अंडी वाढवली, आणि कोरड्या डब्यांतून धुरकटच निघत गेल्या. सूनबाईचा लेख छापून आला. त्यावर बाईंनी आपलं नाव घालू दिलं नाही, पण त्यातलं पंखाचं वर्णन त्यांनी इतक्या वेळा खोडलं की सूनबाई एकदा कागद फेकून उठून गेली होती. नव्या यादीत नवऱ्याचं नाव पट्टेरी निळीच्या खाली, बारीक अक्षरांत, ‘हे वेगळे नाही’ अशा खुणेसह आलं. ते पाहून बाई दिवसभर पडून राहिल्या. डोकं दुखतंय म्हणाल्या.

“बाबा हसले असते, आई,” मुलगा म्हणाला.

“हसले असते. पण तुझ्यासारखे पेट्रोल भरायला पळाले नसते.”

सूनबाईचा राग खरंच लगेच गेला नाही. बोलता बोलता ती मध्येच गप्प व्हायची, आणि बाईंना कारण विचारावं लागायचं नाही. तरी एका सकाळी बाई गुडघ्यांना पट्टे बांधून संग्रहालयात गेल्या, आपल्या जुन्या टेबलापुढे पाहुण्यासारख्या बसल्या आणि म्हणाल्या, “खण काढ.”

“कुठला?”

“मी नाव दिलेल्या सगळ्या जातींचे. आणखी कुठे चुकले आहे ते मी जिवंत असताना बघू. माझ्या माघारी तू शोधशील, तेव्हा भांडायला मी नसेन.”

सूनबाईने खण काढले. त्या मोसमात त्यांनी दोन जाती तपासल्या, त्या टिकल्या. तिसरीच्या कडेची किनार दुहेरी आहे की एकेरीच मधून चिरलेली, यावर दोघींचं एकमत झालेलं नाही. माळ्याच्या खोलीत डबे मांडलेले आहेत, आणि यावेळी किल्ली सूनबाईने स्वतःकडे ठेवली आहे.